तेजूचं गुंतवळ

माझी मुलगी पीडित की सहभागी, हे ठरवायला सरकारने एक यंत्र आणलं, आणि त्या यंत्राला हवे होते केस. मी म्हटलं, घ्या बाई, आमच्याकडे डबाभर आहेत.

आमचं लोहारदरा सातपुड्याच्या पायथ्याशी. खाली केळीच्या बागा, वर डोंगर. त्या डोंगरातल्या नाल्यांमध्ये पत्र्याच्या शेडमधून काही वर्षं खडी शिजायची. खडी म्हणजे नशेचे खडे. दिसायला खडीसाखरेसारखे, म्हणून ते नाव. तिच्यापायी टोळ्या झाल्या, गोळीबार झाले, पोरं रस्त्यात पडली, काही पोरं नुसतीच नाहीशी झाली. मग एकदाचं ते राज्य संपलं, म्होरके तुरुंगात गेले आणि सरकारने सत्य आणि सन्मान आयोग नेमला. आयोगाची माणसं गावोगाव जाऊन विचारायची, तुमचं कोण गेलं आणि कसं गेलं. ज्याच्यावर अन्याय झाला तो पीडित. त्याचं नाव गावासमोर वाचायचं, सरकारने हात जोडून माफी मागायची आणि दगडावर नाव कोरायचं. जो धंद्यात होता तो सहभागी. त्याला नाव नाही, माफी नाही, काही नाही.

माझी तेजल सहभागीत पडली.

तेजू कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होती. एका सकाळी दप्तर घेऊन निघाली ती परत आली नाही. कुणीतरी म्हणालं, एका पोराच्या गाडीवर मागे बसलेली दिसली. पुढे काही महिन्यांनी गावातल्या सगळ्या फोनवर एक व्हिडिओ फिरला. डोळ्यांवर मोठा चष्मा, हातात रबरी मोजे, आणि तेजू एका पिंपात काठी फिरवतेय. झालं, गावाने निकाल लावून टाकला. गिरणीत एकजण मला म्हणाली, "चारूताई, पोरगी तुमची हुशारच होती हो." मी दळण तसंच उचललं आणि घरी आले. तेव्हापासून गिरणीत मी ह्यांना पाठवते.

ती गेल्यावर दोनेक वर्षांनी डोंगरातली, त्या व्हिडिओत दिसलेली शेड जळाली. आतल्या राखेत माणसांची हाडं सापडली. पण ती इतकी जळाली होती की कुणाची कोण, हे सांगणं कुठल्याच यंत्राला जमलं नाही. आणि आयोगाकडे पुरावा म्हणून होता फक्त तो व्हिडिओ. मी फेरविचाराचा अर्ज केला. माझा मुलगा निखिल पुण्याहून फोनवर म्हणाला, "मम्मी, आता कशाला उकरून काढतेस? झालं ते झालं." त्याचं बरोबर असेल. त्याला तिथे शेजारी कुणी तेजूबद्दल विचारत नाही. मला मात्र रोज त्याच गल्लीतून भाजी आणायची असते.

अर्जावर आयोगाच्या डॉक्टरबाई घरी आल्या. अवचार त्यांचं आडनाव. वय जेमतेम तिशीचं, पायात बूट, बोलणं गोड.

"काकू, तेजलचं काही ठेवलंय का? ब्रश, कंगवा, न धुतलेला कपडा?"

"न धुतलेला?" मला रागच आला. "माझ्या घरात न धुतलेलं काही राहतं होय? तिचे सगळे कपडे धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवलेत मी. कंगवासुद्धा सोड्याच्या पाण्यात उकळून ठेवलाय."

त्यांचं तोंड एवढंसं झालं. धुतलेल्या वस्तूत काही उरत नाही म्हणाल्या. आणि तेवढ्यात मला डबा आठवला.

आमच्या सासूबाईंचा दंडक होता. विंचरताना निघालेले केस उकिरड्यावर टाकायचे नाहीत, बाईच्या केसांशी कुणीही काहीही करतं. बोटाला गुंडाळून त्या गुंतवळाची गोळी करायची आणि डब्यात टाकायची. डबा भरला की गंगावन करून देणारी बाई यायची, त्याच केसांचं गंगावन विणून द्यायची, वेणीत घालायला. सासूबाई गेल्या, ती बाईही यायची बंद झाली, पण डबा राहिला. बिस्किटांचा, पत्र्याचा, माझे आणि तेजूचे केस एकत्र. तेजू मला चिडवायची, "मम्मी, आपण काय केसांचं लोणचं घालतोय का?" आणि तरीही तिथेच टाकायची, कारण नाही टाकले तर मी घर डोक्यावर घ्यायचे. ती गेल्यावर मी त्यात केस टाकणं बंद केलं आणि डबा कपाटावर सारून दिला. त्यानंतर त्याचं झाकण मी उघडलं नव्हतं.

मी स्टुलावर चढून डबा काढला. हे दारात उभे होते.

"कशाला देतेस?" हे म्हणाले. "उंदरांनी घाण केलीय त्यात. फेकून दे."

दिवसदिवस तोंडातून शब्द न काढणारा माणूस. मला नवल वाटलं. पण डबा चांगला घट्ट बंद होता, उंदीर कुठून शिरणार? मी तो डॉक्टरबाईंच्या हातात दिला.

पावसाळा संपता संपता बोलावणं आलं. जिल्ह्याच्या गावी आयोगाची प्रयोगशाळा होती. मी एकटीच गेले. ह्यांना चला म्हटलं तर गुडघा दुखतो म्हणाले.

यंत्र मी पाहिलं. शिलाई मशीनएवढं, पांढरं, त्यात काचेच्या पट्टीवर एक केस ताणून लावलेला. डॉक्टरबाईंनी मला शेजारी बसवून समजावलं, आणि नीट समजावलं, त्याबद्दल त्यांना शंभर मार्क.

"काकू, केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तो वाढत असताना रक्तात जे जे असतं ते त्यात अडकून बसतं. पाणी, औषध, विष, सगळं. टोक जुनं, मूळ नवं. तेजलचे केस कमरेपर्यंत होते ना? म्हणजे एकेका केसात पाच-सहा वर्षं साठलेली आहेत. पूर्वी हे महिन्या-महिन्याने वाचता यायचं. हे यंत्र प्रकाशाचा सुईसारखा झोत टाकून दिवसा-दिवसाने वाचतं."

"आणि वरून धूर लागला, हाताने काही लागलं तर?"

"बरोबर विचारलंत. वरून लागलेलं सालीवर राहतं, रक्तातून आलेलं गाभ्यात. यंत्र दोन्ही वेगळं सांगतं. शिवाय पाणीसुद्धा ओळखतं. तुमच्या विहिरीचं पाणी आणि डोंगरातल्या झऱ्याचं पाणी यांत बारीक फरक असतो, तो केसात उतरतो."

मग त्यांनी पडद्यावर एक लांब पट्टी दाखवली. डावीकडून बरीचशी निळी, मग एकदम बदललेली.

"इथपर्यंत घरचं पाणी. इथून डोंगरातलं. या दिवसापासून रसायनांचा धूर. आणि हे बघा, या रेघा. हे गुंगीचं औषध आहे. जवळजवळ रोज. अन्न कमी, भीतीचं संप्रेरक सतत चढलेलं. स्वतःच्या मर्जीने कामाला राहिलेल्या माणसाला कुणी रोज गुंगी देऊन झोपवत नाही, काकू. ती पळून जाऊ नये म्हणून देत होते. खडी मात्र तिच्या गाभ्यात कुठेच नाही, फक्त सालीवर."

मी त्या रेघांकडे बघत राहिले. एकेक रेघ म्हणजे माझ्या पोरीची एकेक रात्र. त्या रात्री मी इथे पंखा लावून झोपत होते. मला रडू आलं आणि मी रडले. डॉक्टरबाईंनी पाणी दिलं.

"म्हणजे आता ती पीडित ना?"

त्यांनी पट्टीच्या उजव्या टोकावर बोट ठेवलं.

"काकू, एक विचारू? तेजल निघून गेली त्या दिवसानंतरची दोन वर्षं या केसात आहेत. मग हा केस तुमच्या घरातल्या डब्यात कसा आला?"

खरं सांगते, इतका वेळ ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"डब्यातली बाकी सगळी गुंतवळं बोटाला गुंडाळलेली आहेत," त्या म्हणाल्या. "सगळ्यांत वरचं एकच नुसतं चुरगाळून ठेवलेलं. त्यातले केस गळलेले नाहीत, उपटून आलेत, जिवंत मुळांसकट. जटा झालेलं डोकं विंचरलं की असं होतं. त्यावर खोबरेल आहे, आणि एका पुरुषाच्या बोटांच्या कातडीचे कण. आयोग विचारणार, हे केस कुणी मुद्दाम आणून ठेवले नाहीत कशावरून? ज्याने ते डब्यात ठेवले त्याने सुनावणीत समोर येऊन सांगायला हवं. नाहीतर हा पुरावा टिकणार नाही आणि तेजल सहभागीच राहील."

मी म्हटलं, "मी सांगते, मीच विंचरले म्हणून."

"काकू, बोटं पुरुषाची आहेत."

परतीच्या गाडीत मला खिडकी मिळाली होती, पण बाहेर काय गेलं ते विचारू नका. आमच्या घरात पुरुष दोनच. निखिल त्या सुमारास, म्हणजे तेजू जाऊन दोन वर्षं झाली तेव्हा, पुण्यात होता. त्याच्या बायकोला आई नाही, म्हणून बाळंतपणाला मी तिकडे जाऊन राहिले होते. घरी एकटे हेच होते.

हे पशुवैद्यकीय दवाखान्यात ड्रेसर होते. बैलाची जखम धुवायची, गाईचा पाय बांधायचा, अशी कामं जन्मभर केली. जनावर ह्यांच्या हाताखाली शांत उभं राहतं, असं लोक म्हणतात. माझ्याशी मात्र मागची कितीतरी वर्षं मीठ दे, पाणी दे, एवढंच बोलणं. मला वाटायचं, पोरीच्या दुःखाने गप्प झालेत बिचारे. मी ह्यांना सांभाळून घेत होते हो!

घरी पोचले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. हे ओसरीवर बसलेले. मी पिशवी ठेवली, आतून खोबरेलाची वाटी आणि कंगवा आणला, आणि ह्यांच्या पुढ्यात पाठ करून खालच्या पायरीवर बसले. अंबाडा सोडला.

"दाखवा," मी म्हटलं.

"काय?"

"तेजूचे केस कसे विंचरलेत, ते दाखवा."

मग वाटीचा आवाज झाला. ह्यांचे हात माझ्या केसांना लागले, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी पहिल्यांदाच. टोकाकडून सुरुवात केली. एका हाताने बट मुळापाशी घट्ट धरायची, म्हणजे ओढ डोक्याला लागत नाही, आणि दुसऱ्या हाताने खालचा गुंता सोडवायचा. मग थोडं वर. एकही केस दुखला नाही.

"मागच्या दाराने आली," हे बोलायला लागले. "डोक्याच्या जटा झालेल्या. हाताची कातडी सोललेली. मी कात्री आणली, तर नको म्हणाली. मग तेल लावून बसलो. सकाळी बसलो ते दुपार झाली."

"काय बोलली?"

"काही नाही. झोपत होती मधेमधे. निघालेले केस मी बाहेर टाकायला उठलो, तर म्हणाली, पप्पा, बाहेर नका टाकू, डब्यात ठेवा, मम्मी ओरडेल."

माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो माझा मला ओळखू आला नाही. शेजारच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं आणि आत गेलं.

"मग?"

"तू त्या शुक्रवारी येणार होतीस. बाळाला घेऊन, सुनेला घेऊन. पळालेली पोर ज्याच्या घरी सापडेल त्याचं घर ते पेटवत होते. वरच्या पाड्यात पेटवलं होतं, तुला माहीत आहे. पोलिसांत सांगावं तर तिथेही त्यांचीच माणसं. ती म्हणाली, मला फाट्यावर सोडा, मी आत्याकडे बऱ्हाणपूरला जाते. दुपारची गाडी होती. मी स्कूटरवर नेऊन सोडलं."

"आणि गाडी येईपर्यंत थांबलात ना?"

कंगवा थांबला.

"अहो, मी विचारतेय. गाडीत बसवलंत ना तिला?"

"कुणी बघेल म्हणून," हे म्हणाले, "मी स्कूटर वळवली."

ती बऱ्हाणपूरला कधी पोचलीच नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत शेड जळाली. हे सगळं ह्यांना सांगावं लागलं नाही, ते मला माहीत होतं. मी उठले, केस तसेच मोकळे, आणि आत जाऊन कुकर लावला. स्वयंपाक करायचाच होता. जेवताना ह्यांना म्हटलं, "सुनावणीत हे सगळं बोलायचं. एक शब्द गाळायचा नाही." ह्यांनी मान हलवली. निखिलचा फोन आला. सगळं ऐकून तो रडला आणि म्हणाला, "मम्मी, पप्पांना गावासमोर उभं करू नको. ते मरून जातील गं. त्यांनी माझ्या बाळासाठी केलं ना?" मी फोन ठेवून दिला. तो खोटं बोलत नव्हता, हाच तर त्रास होता. नातवाला मी मांडीवर खेळवलंय, आणि ती मांडी शाबूत राहावी म्हणून माझी पोर फाट्यावर एकटी उभी राहिली. पण नातू शाळेत जातो, त्याला आई आहे, बाप आहे. तेजूला आता फक्त नाव हवं होतं, आणि ते माझ्याशिवाय मागणारं दुसरं कुणी नव्हतं.

सुनावणी शाळेच्या सभागृहात झाली. सगळं गाव आलं होतं, ती गिरणीवालीसुद्धा पहिल्या रांगेत. डॉक्टरबाईंनी पडद्यावर पट्टी दाखवली, रेघा दाखवल्या. मग ह्यांचं नाव पुकारलं. धुतलेला सदरा घालून हे उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता सगळं बोलले. जटा, तेल, डबा, स्कूटर. एक शब्द गाळला नाही. मागून कुणीतरी "शीः" म्हणालं. कुणीतरी, "बापच होता ना?" असंही म्हणालं. कालपर्यंत पोरगी वाईट होती, आता बाप वाईट. गावाला कुणीतरी लागतंच.

आयोगाच्या अध्यक्षांनी विचारलं, "इतकी वर्षं तुम्ही पत्नीला तरी का सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर हिने एकच विचारलं असतं," हे म्हणाले. "गाडी येईपर्यंत थांबलात का. दुसरं काही विचारलं नसतं."

आणि मी तेच विचारलं होतं.

मग सगळे उभे राहिले. अध्यक्षांनी वाचलं. तेजल हेमंत धांडे, लोहारदरा, पीडित म्हणून मान्य, मृत म्हणून नोंद. शासन हात जोडून क्षमा मागत आहे. त्यांनी खरोखरच हात जोडले. पहिल्या रांगेतल्या बाईने डोळ्यांना पदर लावला.

मी ते एका दमात वाचलेलं ऐकलं आणि मग हळूहळू माझ्या लक्षात आलं. इतकी वर्षं मी भांडले ते पहिल्या अर्ध्यासाठी. दुसरं अर्धं त्याला चिकटून येणार, हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. सहभागी होती तोवर ती नुसती बेपत्ता होती. बेपत्ता माणूस मागच्या दाराने येऊ शकतो. मी सभागृहात उभी होते, माझं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि मला घरी जायचं नव्हतं.

दगड कुठे बसवायचा ते कुटुंबाने सांगायचं असतं. बाकीच्यांनी देवळापाशी, शाळेपाशी सांगितलं. मी फाट्यावर सांगितलं.

आता तिथे काळा दगड आहे, त्यावर तिचं नाव आहे, आणि बाजूला एक बाक. दुपारचं आवरलं की मी चालत जाते. गावातल्या बायका आता चांगलं बोलतात, थांबवतात, चहाला बोलावतात. मी जात नाही. काय बोलू त्यांच्याशी? डबा डॉक्टरबाईंनी परत पाठवला. त्यातलं सगळ्यांत वरचं गुंतवळ मी तसंच ठेवलंय, चुरगाळलेलं. बोटाला गुंडाळायला गेले, पण हात पुढे झाला नाही.

हे मागून स्कूटर घेऊन येतात. जवळ येत नाहीत. पलीकडच्या लिंबाखाली गाडी लावतात आणि उभे राहतात. पहिल्या दिवशी म्हणाले, "चारू, ऊन आहे, चल." मी म्हटलं, "तुम्ही जा. तुम्हाला जायची सवय आहे." बोलून गेले, आणि मला वाईटही वाटलं. पण शब्द मागे घेतला नाही. ह्यांनी बाकावर येऊन बसावं असं मला वाटतं की नाही, हे अजून माझं मलाच कळत नाही.

बऱ्हाणपूरची गाडी कधी वेळेवर येते, कधी तासभर उशिरा. आली की कंडक्टर दार उघडतो. तो आता मला ओळखतो, तरी रोज विचारतो.

"काकू, यायचंय का?"

"नाही रे बाबा," मी म्हणते. "सोडायला आलेय."

तो घंटी देतो. गाडी वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत मी तिथेच उभी राहते.